उलट्या पिळाखाली तुझं नाव

नसीम,

तुझ्या नावाच्या पाटीचं प्रूफ माझ्याकडे तपासायला आलं आणि ते पाहून मला शिसारी आली. माणूस गेल्यावर रडू यावं अशी अपेक्षा असते. मला ते आलंही होतं. तुझ्या शाळेने ते टिकू दिलं नाही.

तुझ्या नवऱ्याने, हनीफभाईंनी, फोन माझ्यासमोर धरला तेव्हा तुझ्या घरातली वर्दळ अजून ओसरली नव्हती. आतल्या खोलीत बायका कुराण वाचत होत्या. स्वयंपाकघरात कुणीतरी तुझ्या साखरेच्या डब्याचं झाकण चहाच्या डब्यावर दाबून बसवलं होतं, आणि ते काढून जागच्या जागी लावावं की नाही, या विचारात मी उभी होते. "वसुधाताई, तुम्ही रोज लेबलं तपासता ना," हनीफभाई म्हणाले. "हे जरा बघा. शाळावाले उद्या फायनल करणार आहेत."

पितळी पाटी. डाव्या अर्ध्यात इंग्रजी, उजव्या अर्ध्यात अरबी, दोन्ही टोकांना डीएनएचं एकेक छोटं चिन्ह. तुझं नाव, त्याखाली 'सदैव स्मरणात' अशा अर्थाचं काहीतरी, आणि त्याखाली चेअरमनसाहेबांचं स्वतःचं वाक्य: टीचिंग वॉज इन हर डीएनए. पाटी कुठे लागणार, हे मी विचारलं नाही. हनीफभाईंनीच कौतुकाने सांगितलं, "नव्या बिल्डिंगच्या लॉबीत, ती मोठी डीएनएवाली भिंत आहे ना, तिच्यावर. भिंतीलाच तिचं नाव देतायत."

ती भिंत. जिच्यासमोरून जाताना तू मान फिरवायचीस, ती भिंत आता तुझ्या नावाने ओळखली जाणार होती.

तू ती पहिल्यांदा पाहिलीस त्या दिवसाच्या दुसऱ्या सकाळी गाडीत बसल्याबसल्या तू हसायलाच लागलीस, ते मला आठवतं. शारजातून दुबईकडे जाणारा रस्ता नेहमीप्रमाणे तुंबलेला होता. तू मला मेट्रोपर्यंत सोडायचीस, तिथून मी जबल अलीला जायचे आणि तू शाळेत. आपली मैत्री, भांडणं, स्वयंपाकाचे बेत, सगळं त्या रस्त्यावर, पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांकडे बघत झालं. मोकळा रस्ता मिळाला असता तर आपण एकमेकींना फार ओळखलं नसतं.

"वसू, उजवा हात पुढे कर," तू म्हणालीस. "मूठ वळ. अंगठा वर. आता बोटं ज्या बाजूने वळतात त्या बाजूने फिरत फिरत वर चढ. हा आपला डीएनए. उजव्या पिळाचा. समोरून बघितलास तर पुढचा धागा डावीकडून उजवीकडे वर जातो. माझ्यात, तुझ्यात, पालकाच्या जुडीत, मांजरात, सगळ्यांत तसाच. आणि आमच्या शाळेने भिंतभर डावा लावलाय."

मी म्हणाले, मग काय झालं? कोण बघतंय?

आपल्या वादाची ती सुरुवात. तो अजून संपलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

चूक कशी झाली ते मला शोधता आलं, कारण ती माझ्या धंद्यातली चूक होती. इथे प्रत्येक पुड्याला दोन तोंडं असतात, एक इंग्रजी आणि एक अरबी. अरबी उजवीकडून वाचतात, म्हणून डिझाइन करणारा पोरगा इंग्रजी बाजू तयार करतो आणि अरबी बाजूसाठी सगळी मांडणी आरशात उलटी करतो. कधीकधी ते करायलाच लागतं. साबणाच्या पुड्यावर आधी मळका शर्ट आणि मग स्वच्छ शर्ट असेल, तर अरबी बाजूला क्रम फिरवावाच लागतो, नाहीतर आपला साबण शर्ट मळवतो असा अर्थ निघतो. पण घड्याळ उलटं करायचं नसतं. छातीच्या चित्रातलं काळीज उलटं करायचं नसतं. काय फिरवायचं आणि काय फिरवायचं नाही, एवढं ओळखण्याचा मला पगार मिळतो. तुझ्या शाळेचं माहितीपत्रक तू मला आणून दाखवलंस. इंग्रजी पानावरचा पीळ उजवा, समोरच्या अरबी पानावरचा डावा. रास अल खैमाच्या टाइल्सच्या कारखान्याला कुणीतरी अरबी पान पाठवलं होतं, आणि कारखान्याने प्रामाणिकपणे एकेक तुकडा जुळवून ते दुमजली उंचीचं केलं होतं.

मला वाटलं होतं, ही मजेची गोष्ट आहे. तू स्टाफरूममध्ये सांगशील आणि हशा पिकेल. तू प्रिन्सिपलकडे गेलीस. तिथून तुला चेअरमनसाहेबांकडे नेलं. ते काय म्हणाले ते तू मला सिग्नलला थांबल्यावर त्यांच्याच आवाजात ऐकवलंस. आधी म्हणाले, फिरवून लावू, वरचं खाली. तू सांगितलंस, "सर, स्क्रू उलटा धरला म्हणून तो वेगळा स्क्रू होत नाही." मग त्यांनी कुठल्याशा सल्लागाराला विचारलं. सल्लागाराने इंटरनेटवर पाहून कळवलं की डाव्या पिळाचाही डीएनए असतो. असतो, तू म्हणालीस, पण त्याचा कणा नागमोडी, वेडावाकडा असतो, त्याची ठेवणच निराळी. भिंतीवरचा तसा नाही. भिंतीवरचा आपल्याच डीएनएची आरशातली नक्कल आहे, आणि तशी एकाही जिवंत प्राण्यात सापडत नाही. यावर चेअरमनसाहेबांनी जे सांगितलं ते या देशातल्या कुठल्याही ऑफिसात सांगितलं जातं. ते म्हणाले, मॅडम, बी पॉझिटिव्ह.

पुढच्या वर्षी तुझ्याकडून अकरावी-बारावी काढून घेतली. तू टीम प्लेयर नाहीस, असं कारण मिळालं. तुला सहावीला पानांचे प्रकार शिकवायला दिले. त्याच सुमारास त्या भिंतीच्या माथ्यावर सोनेरी अक्षरं आली: एक्सलन्स इज इन अवर डीएनए. तू मला त्याचा फोटो पाठवून विचारलंस, "कितव्या गुणसूत्रावर?"

मी तेव्हाही म्हणाले, सोडून दे, खलास. पगार वेळेवर येतोय. तुझ्या रुहीचं कॉलेज व्हायचंय. त्या लॉबीत लोक फी भरायला येतात, पीळ मोजायला नाही. तू म्हणालीस, "फी भरायला मोठी माणसं येतात. मुलं रोज येतात. मुलं बघतात." मला ते शिक्षकी भाबडेपण वाटलं. मी तसं म्हणालेही. तू फक्त हॉर्न वाजवलास, आणि पुढच्या टॅक्सीवाल्याने आपल्याकडे वळून हात जोडले.

तुझा अकरावीचा पहिला तास कसा असायचा ते रुहीने मला करून दाखवलं होतं. पुस्तक बंद. फळ्यावर काही नाही. "राइट हँड्स, एव्हरीबडी." अख्खा वर्ग मुठी वळून अंगठे वर करून बसलेला, आणि तू बाकांमधून फिरत डावखुऱ्या मुलांचे हात बदलत. मग पाण्याच्या बाटल्या काढायच्या, झाकणं उघडायची, तोंडाशी असलेले आटे बघायचे. ते आटेही उजवेच, तू सांगायचीस, पण ते माणसाने ठरवले म्हणून. यातला फरक विसरायचा नाही. ज्यांनी तुझ्याकडून अकरावी काढून घेतली, त्यांना त्या तासातलं काहीच काढून घेता आलं नाही. पुढे तू व्हरांड्यातून जाताना वरच्या वर्गातली मुलं तुला अंगठ्याने सलाम करायची म्हणे. शिपायाला वाटायचं, मॅडम फार पॉप्युलर आहेत.

आणि आता हे. टीचिंग वॉज इन हर डीएनए.

डीएनएमध्ये काय असतं, ते तू मला एकदाच सांगितलं होतंस, तेही मी विचारलं नसताना. माझी आई गेली तेव्हा मला विमान मिळेपर्यंत तिकडे सगळं उरकून गेलं होतं. परत आल्यावर लोक भेटायला आले आणि जे म्हणायचं ते म्हणून गेले: आई आता तारा झाली, आई तुझ्यातच आहे. तू काहीच म्हणाली नाहीस. मी पुन्हा कामावर जायला निघाले त्या सकाळी तू निम्म्या रस्त्यापर्यंत गाडी आणलीस. मग समोर बघतच म्हणालीस की पेशीतला बहुतेक डीएनए दोघांकडून येतो, पण थोडासा, एका वेगळ्या कप्प्यातला, फक्त आईकडून येतो. बापाचा त्यात काही भाग नसतो. "तुझ्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तिच्याकडून आलेलं, फक्त तिच्याकडून आलेलं, काहीतरी आहे. हे सांत्वन नाही, वसू. माहिती आहे."

मेट्रो येईपर्यंत मी रडले. तू रेडिओचा आवाज वाढवलास, मला मोकळेपणी रडता यावं म्हणून. याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर तू विषय बदलला असतास.

म्हणून चेअरमनसाहेबांचं ते वाक्य वाचून मला जे झालं, त्याला दुःख म्हणता येणार नाही. एखाद्याने आपल्या स्वच्छ टॉवेलला बूट पुसावेत, तसं काहीसं झालं.

मी हनीफभाईंना म्हणाले, त्यांना नको म्हणून सांगा. त्यांनी फोन खाली ठेवला. ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, आपण इथले नाही. माझी नोकरी गेली की व्हिसा गेला, मग श्रीवर्धनला परत. कबर सोडली तर तिचं इथे काय राहणार? एवढी वर्षं शिकवलं तिने. नाव तरी राहू दे कुठेतरी."

रुही दारात उभी होती. "अब्बा, शी हेटेड दॅट वॉल."

"भिंत कशी का असेना, बेटा. नाव तर अम्मीचं आहे."

याला तुझ्याकडे उत्तर असतं की नाही, माहीत नाही. नवऱ्याला बायकोचं नाव कुठेतरी कोरलेलं हवं होतं, आणि ते कोरायला एकच जागा मिळत होती, ती खोटी होती. सत्यासाठी त्यांना नाही म्हणायला सांगणं मला सोपं होतं. माझं नाव कुठेच लागणार नव्हतं.

मी प्रूफ पुन्हा उघडलं, या वेळी कामावर उघडते तसं. स्पेलिंग बरोबर. अरबी नाव बरोबर. मग दोन्ही टोकांची चिन्हं मोठी करून पाहिली. इंग्रजी टोकाचं उजवं. अरबी टोकाचं आरशातलं, डावं. पुन्हा तेच. तुझ्या मरणातूनही ते काही शिकले नव्हते.

मी दोन दुरुस्त्या कळवल्या. पहिली: शेवटचं वाक्य काढावं. दुसरी: अरबी बाजूचं चिन्ह आरशात फिरवू नये, दोन्ही टोकांना इंग्रजी बाजूचंच चिन्ह वापरावं. रुही माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिने उजवा हात उचलला, मूठ वळली, स्क्रीनला लावून पाहिली, आणि घरात इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला हसू फुटलं.

शाळेचं उत्तर आलं: वाक्य चेअरमनसरांचं आहे, ते राहील. चिन्हाचं नोटेड, थँक यू डिअर.

वाक्य मला काढता आलं नाही, नसीम. तेवढं सहन कर.

कार्यक्रमाला मी गेले. न जाणं जास्त शोभलं असतं, पण हनीफभाईंनी त्यांच्याबरोबर यायला सांगितलं होतं. त्याला शोकसभा म्हणायचं नव्हतं, 'सेलिब्रेशन ऑफ लाइफ' म्हणायचं होतं. पुढे पांढरे सोफे. मागे मुलं, उभी. एका कंपनीने धुराचं यंत्र आणलं होतं. ते कशासाठी, हे कुणालाच सांगता येईना, पण धूर येत राहिला आणि पहिल्या रांगेतल्या एक बाई खोकत राहिल्या. पाहुण्यांना चॉकलेटची डबी, डबीवर डीएनएचा स्टिकर. सोनेरी. डावा. स्टेजच्या दोन बाजूंना तुझे दोन उंच फोटो, एक इंग्रजी मजकुरासह, दुसरा अरबी. मी आधी नीट पाहिलं नाही. मग पाहिलं. इंग्रजी फोटोत तुझा तीळ डाव्या गालावर होता, जिथे तो होता. अरबी फोटोत उजव्या गालावर.

त्यांनी तुलाही फिरवलं होतं.

मला उठून जायचं होतं. तेवढ्यात चेअरमनसाहेब बोलायला उभे राहिले. म्हणाले, नसीम मॅडम या आमच्या फॅमिलीचा आधारस्तंभ होत्या. म्हणाले, त्यांनी नेहमी प्रश्न विचारले, आणि आम्ही नेहमी ते वेलकम केले. स्टाफच्या रांगेत कुणाचीही मान हलली नाही. तेवढ्यावर समाधान मानायचं. म्हणाले, ही भिंत त्यांची फार लाडकी होती. हनीफभाई मान खाली घालून ऐकत होते. त्यांना ते खरं वाटत होतं, आणि तेच मला सगळ्यांत असह्य झालं.

मग यल्ला, यल्ला, चला चला करत सगळ्यांना भिंतीपाशी नेलं. हनीफभाईंनी आणि रुहीने दोरी ओढली, पडदा सरकला. पाटी डोळ्यांच्या उंचीवर होती, भिंत तिच्या मागे छतापर्यंत. पितळेवरचे दोन्ही छोटे पीळ उजवे. मागचा दुमजली पीळ डावा. तुझं नाव मधे, आणि त्या नावाच्या दोन्ही अंगांनी ती पाटी तिच्या मागच्या भिंतीला खोटं पाडत होती. सोफ्यांवरून उठून आलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या आणि फोन बाहेर काढले.

मुलांनी आधी पाटी पाहिली. मग मान वर केली. परत पाटी. बारावीतल्या एका उंच मुलीने उजवा हात वर केला, मूठ वळली, अंगठा वर. शेजारच्या मुलाने. मग मागच्यांनी. कुणी हसलं नाही. सगळे आपापल्या मुठीकडे आणि भिंतीकडे आळीपाळीने बघत होते, तुझ्या तासात बघत असत तसे. ज्यांना तू फक्त पानांचे प्रकार शिकवले होतेस ती छोटी मुलं मोठ्यांना काहीतरी विचारत होती, आणि मोठी मुलं त्यांचे हात बदलून देत होती.

चेअरमनसाहेबांना भरून आलं. त्यांनी मुलांकडे बघून स्वतःही अंगठा वर केला. डाव्या हाताचा, कारण उजव्यात माइक होता. त्या अख्ख्या लॉबीत भिंतीशी जुळणारा तो एकच अंगठा होता.

परत येताना रस्ता तुंबलेलाच होता. हनीफभाई गाडी चालवत होते, रुही पुढे, मी मागे. तुझ्या जागी कुणी बसावं हे न ठरवताच ठरलं होतं. मग हनीफभाईंनी विचारलं, "मुलं अंगठे का दाखवत होती?"

रुहीने त्यांच्याकडे वळून आपली मूठ दाखवली. त्यांनीही मूठ वळली.

"नॉट दॅट हँड, अब्बा."

त्यांनी हात बदलला. ती त्यांची बोटं धरून वळवत होती आणि अम्मी काय सांगायची ते इंग्रजीत सांगत होती, मधेच तुझ्याच आवाजात. इतकी वर्षं ते तुझ्या या बोलण्याला घरातला पंखा समजत आले होते. आता ते ऐकत होते. समजल्यावर त्यांनी हात स्टीयरिंगवर ठेवला आणि समोर बघत राहिले.

"म्हणजे भिंत चुकीची आहे," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले.

"आणि पाटी?"

"पाटी बरोबर आहे."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. पुढे जागा झाली होती. त्यांनी डोळे पुसले आणि गाडी पुढे घेतली.

ती भिंत ते पाडणार नाहीत. पाटीही काढणार नाहीत, तिचा कार्यक्रम झाला आहे आणि फोटो छापून आले आहेत. दर वर्षी नवी अकरावी त्या लॉबीतून जाईल, आणि कुणीतरी कुणाला तरी हात वळून दाखवेल.

मी विचारलं होतं, कोण बघतंय. मला उत्तर मिळालं, नसीम. ते तुझ्याकडून ऐकायचं होतं, सिग्नलला थांबल्यावर, थोडं खिजवत. आता मेट्रोपर्यंत मी बसने जाते, आणि बसमध्ये सगळे आपापल्या फोनमध्ये बघत असतात.